एल्मिना आणि केप कोस्टचे किल्ले (घाना)

घानाच्या किनाऱ्यावर, साधारण ५०० किलोमीटरच्या पट्ट्यात, युरोपियन व्यापाऱ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांची रांगच लागलीये आणि त्यातले एल्मिना आणि केप कोस्ट हे सगळ्यात मोठे आणि गुलामांच्या व्यापारासाठी सगळ्यात बदनाम. १९७९ पासून हे सगळे मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ मधे बांधला, दगडसुद्धा पोर्तुगालमधूनच घडवून जहाजांनी आणलेले. तेव्हा डोळा सोन्यावर होता, आणि उलटा प्रकार म्हणजे सुरुवातीला पोर्तुगीज इथे बेनिन राज्याकडून (आजच्या नायजेरियात) गुलाम आणून विकायचे, कारण स्थानिक अकान व्यापाऱ्यांना माल वाहून आत न्यायला माणसं लागायची आणि त्याचे पैसे ते सोन्यात द्यायचे. १६३७ मधे डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून किल्ला घेतला, आणि मग दुसऱ्या कुणी आपल्यावर तीच युक्ती करू नये म्हणून त्या टेकडीवरही किल्ला बांधून टाकला! केप कोस्टला आधी स्वीडिश, मग डॅनिश वगैरे होऊन १६६४ मधे इंग्रज आले ते राहिलेच.

ब्राझील आणि कॅरिबियनमधे उसाचे मळे वाढले तसा धंदा सोन्यावरून माणसांवर आला. गोल्ड कोस्टवरून (म्हणजे याच किनाऱ्यावरून) एकूण अंदाजे १२ लाख लोक जहाजांवर चढवले गेले. युरोपियनांनी आत घुसून माणसं पकडली असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं फारसं नव्हतं, तापाने ते स्वतःच पटापट मरायचे आणि किल्ल्याच्या जागेचं भाडं स्थानिक प्रमुखांना भरायचे. मोठ्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या, कारण भीती दुसऱ्या युरोपियन जहाजांची. आतल्या भागात असांते राज्याच्या लढायांत पकडलेली माणसं किनारपट्टीवरच्या फांते लोकांच्या दलालांमार्फत किनाऱ्यावर यायची आणि बदल्यात बंदुका, दारू आणि कापड जायचं, त्यात गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापडही भरपूर.

केप कोस्टला पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर चर्चची जागा आहे. तळघरात उजेडाला वर छोटी भोकं आणि जमिनीत घाण वाहून जायला एक उथळ चर, बस्स. १७६६ पासून १८१६ पर्यंत या किल्ल्याचा पाद्री होता फिलिप क्वाकू, स्वतः इथलाच, इंग्लंडमधे शिकून आलेला आफ्रिकन माणूस, आणि किल्ल्यातच मुलांची शाळा चालवायचा. हे पचायला जरा जडच जातं. एल्मिनाला बायकांच्या अंगणावर गव्हर्नरची गॅलरी आहे, तिथे उभा राहून तो बाई निवडायचा असं गाइड सांगतात. शेवटी कोंडलेली माणसं अरुंद दारातून बाहेर, आणि लाटांमधून होड्यांनी लांब नांगरलेल्या जहाजाकडे, कारण मोठी जहाजं किनाऱ्याला लागायचीच नाहीत.

इंग्रजांनी १८०७ मधे आणि डचांनी १८१४ मधे हा व्यापार बंद केला पण किल्ले काही रिकामे पडले नाहीत. एल्मिना १८७२ मधे इंग्रजांकडे गेला, आणि १८९६ मधे त्यांनी असांतेचा राजा प्रेम्पे याला पकडून आधी इथेच कोंडलं, नंतर सेशेल्सला धाडलं.

१९९० च्या दशकात दुरुस्ती आणि रंगरंगोटी झाली तेव्हा अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी जोरदार आक्षेप घेतला, की भिंती पांढऱ्या करून तुम्ही इतिहासच पुसताय. गावातल्या बऱ्याच जणांना मात्र पर्यटक आणि रोजगार हवे होते, आणि किल्ला नक्की कुणासाठी जपायचा यावर दोन्ही बाजूंचं पटलं नाही.