व्होकोडर ध्वनिमुद्रण, कीबोर्ड वर्कस्टेशनवरील

माणसाच्या उच्चारांचा ठसा सिंथेसायझरच्या (इलेक्ट्रॉनिक रीतीने ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्याच्या) सुरांवर उमटवून ते मुद्रित करण्याची पद्धत. कीबोर्ड वर्कस्टेशन म्हणजे ध्वनिनिर्मिती, इफेक्ट (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या सोयी) व मुद्रण एकाच यंत्रात असलेला कीबोर्ड. व्होकोडर आवाज अनेक कंप्रतापट्ट्यांत विभागतो, प्रत्येक पट्टीतील पातळी सतत मोजतो आणि त्या प्रमाणात सिंथेसायझरच्या ध्वनीतील तीच पट्टी कमीअधिक उघडतो. आवाजाला मॉड्युलेटर, तर सिंथेसायझरच्या ध्वनीला कॅरिअर म्हणतात. सूर कीबोर्डवरून ठरतो. त्यामुळे गाणारा थोडा बेसूर झाला तरी निभावते, पण उच्चार पुसट असून चालत नाही.

अभियंते होमर डडली यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९२८ च्या सुमारास हे काम सुरू केले. दूरध्वनीवरील संभाषण कमी रुंदीच्या पट्ट्यात बसवणे हा त्यांचा हेतू होता. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात दाखवलेल्या व्होडरलाही पुष्कळदा व्होकोडर म्हटले जाते, ते बरोबर नाही. व्होडरमध्ये आवाजाचे विश्लेषण करणारा भागच नव्हता. चालक कळा व पायपट्टी वापरून बोलणे घडवीत असे. दुसऱ्या महायुद्धात सिगसॅली या गुप्त संभाषणयंत्रणेत व्होकोडर वापरला गेला. संगीतातील पहिल्या वापराचे श्रेय सामान्यतः संगीतकार वेंडी कार्लोस व सिंथेसायझर-निर्माते रॉबर्ट मूग (सु. १९७०) यांना देतात. मात्र म्यूनिकच्या सीमेन्स स्टुडिओत त्याआधी सु. दहा वर्षे व्होकोडर होता. म्हणून हे श्रेय गायनातील वापरापुरते मानणे अधिक सयुक्तिक. कोर्ग व्हीसी–१० (१९७८) आणि रोलँड व्हीपी–३३० (१९७९) यांनी तो कीबोर्डमध्येच आणला. पुढे अनेक वर्कस्टेशनांत तो इफेक्ट म्हणून आला. टॉकबॉक्स (वाद्याचा ध्वनी नळीतून तोंडात सोडून घडवणे) व ऑटोट्यून (गायलेला आवाज आपोआप सुरात आणणे) ही तंत्रे वेगळी आहेत.

जोडणीसाठी डायनॅमिक मायक्रोफोन सोयीचा, कारण कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा फँटम वीजपुरवठा (मायक्रोफोनच्या तारेतूनच दिली जाणारी वीज) अनेक वर्कस्टेशनांत नसतो. मागच्या बाजूला माइक/लाइन असे बटण असल्यास ते माइकवर ठेवावे. मोठ्यात मोठ्या उच्चाराला मीटर –१२ ते –६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतका गेन (इनपुटची वाढ) द्यावा. त्यानंतर व्होकोडर इन्सर्ट इफेक्ट (ध्वनीच्या मार्गातच बसणारा इफेक्ट) म्हणून निवडून इनपुटचा आवाज मॉड्युलेटरकडे वळवावा. ही वळवणी राहून गेली की कळा दाबूनही काही ऐकू येत नाही, किंवा नुसता मूळ आवाज येतो.

कॅरिअर म्हणून सॉ लहर (करवतीच्या दात्यांच्या आकाराची) उत्तम, कारण तिच्यात सर्व हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतील कंप्रता) असतात. साइन लहरीत किंवा मंद पॅडमध्ये (लांबत राहणाऱ्या मऊ ध्वनीत) वरच्या पट्ट्या रिकाम्याच राहतात. उघडूनही तिथून काही बाहेर पडत नाही. पियानोचा ध्वनी शब्द संपण्याआधी विरतो. सूरही फार वरचा नको. ६०० हर्ट्‌झच्या सुराचे हार्मोनिक ६००, १२००, १८०० असे दूरदूर पडतात. ‘ई’चा पहिला फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणारी ठळक कंप्रता) सु. ३०० हर्ट्‌झला असतो. तिथे काहीच नसल्याने स्वर एकसारखे वाटू लागतात. सु. १०० ते ४०० हर्ट्‌झमध्ये तीन-चार सुरांचा कॉर्ड सुरक्षित. शब्द सुरू होण्याच्या किंचित आधी कळ दाबावी, अन्यथा पहिले व्यंजन गळते.

स, श, च यांचा घर्षणध्वनी कॅरिअरमध्ये नसतो. त्यासाठी कॅरिअरमध्ये थोडा नॉइज (सळसळीसारखा ध्वनी) मिसळतात, किंवा मूळ आवाजाचा सु. ४ किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग थेट पुढे सोडतात. दुसरा उपाय बहुधा अधिक स्पष्ट. पट्ट्यांचा रिलीज (उच्चार थांबल्यावर पट्टी मिटण्यास लागणारा वेळ) लांब ठेवल्यास अक्षरे एकमेकांत मिसळतात, अगदी तोकडा ठेवल्यास खरखर येते. ३० ते ८० मिलिसेकंद हा सुरुवातीचा टप्पा धरावा. दोन ओळींमध्ये खोलीतील पंखाही सुरात गुणगुणू लागतो, म्हणून इनपुटवर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा ध्वनी बंद करणारी सोय) लावावा. ऐकण्यासाठी बंद हेडफोन वापरावेत. स्पीकर चालू असल्यास त्याचा ध्वनी पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते.

सर्वात जास्त घोटाळा मुद्रणाच्या वेळी होतो. वर्कस्टेशनचा सिक्वेन्सर (वादन नोंदवून पुन्हा वाजवणारा भाग) मिडी ट्रॅकवर केवळ कळांची माहिती नोंदवतो, आवाज नाही. पुन्हा वाजवताना माइकसमोर कोणी नसेल तर ट्रॅक मुका राहतो. म्हणून ऑडिओ ट्रॅक, रीसॅम्पलिंग (यंत्रातून निघणारा ध्वनी त्याच यंत्रात मुद्रित करणे) किंवा यूएसबीवरून संगणक यांपैकी एका मार्गाने तयार ध्वनी उतरवावा. कळा आधी मिडीत नोंदवून गायन नंतर करता येते, आणि हात मोकळे राहिल्याने उच्चारही सुधारतात. कोरा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवल्यास कॅरिअर पुढे बदलता येतो. त्यासाठी तो ट्रॅक व्होकोडरच्या इनपुटला परत पाठवावा लागतो आणि ही सोय प्रत्येक यंत्रात नसते.