पार्श्वभूमी: ॲप्टमधला ‘हेल्ड’ नावाचा घोळ आणि अर्धवट राहिलेले अपग्रेड

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सवर अपग्रेड अडकलं की लोक जो स्क्रीनशॉट पाठवतात त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक वाक्य असतं. एक म्हणजे अमुक पॅकेजेस (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरचे गठ्ठे) ‘हॅव बीन केप्ट बॅक’, आणि दुसरं ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. दोन्ही ऐकायला सारखीच वाटतात, काहीतरी अडवून ठेवलंय एवढाच बोध होतो, आणि मग माणूस कुठूनतरी दहा वर्षांपूर्वीची कमांड उचलून चिकटवतो आणि होतं त्यापेक्षा जास्त मोडून ठेवतो. ‘हेल्ड’ हा शब्द या सगळ्यात कसा घुसला आणि त्याचे किती अर्थ झाले ते बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नाही. डीपीकेजी हे पॅकेज बसवणारं टूल १९९४ सालचं, आधी शेल स्क्रिप्ट, मग पर्ल, मग सी. त्याचं काम पॅकेज उघडून फायली जागेवर ठेवणं आणि त्याची नोंद करणं, बस. पॅकेज कुठून आणायचं, त्याच्या आधी काय काय लागेल, ही डोकेदुखी त्याची नाही, ती ॲप्ट या त्याच्या वरच्या टूलने घेतली, जे १९९९ च्या डेबियन २.१ पासून लोकांच्या हातात आलं. हे दोन थर आहेत हे विसरलं की एरर कुठल्या थराची तेच कळत नाही. ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड १’ असं आलं म्हणजे ॲप्ट फक्त निरोप देतंय की खालच्याने हात टेकले. खरं कारण त्याच्या दहा-वीस ओळी वर असतं आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो.

मी यात पडलो २००८ च्या आसपास, पोस्टाने फुकट येणाऱ्या उबंटूच्या सीड्यांच्या काळात (ती योजना २०११ मध्ये बंद झाली). तेव्हा आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजत नसत, म्हणून अपग्रेड रात्री लावायचं आणि झोपायचं, आणि सकाळी सहाच्या लोडशेडिंगला लाइट जायची, इन्व्हर्टर पंख्यापुरताच, त्यामुळे उठून बघावं तर मशीन बंद आणि अपग्रेड नेमकं मधोमध. त्या काळात जे शिकलो ते आजही कामी येतं. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था व्हार-लिब-डीपीकेजी या फोल्डरमधल्या स्टेटस नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतं: अनपॅक्ड, हाफ-कॉन्फिगर्ड, हाफ-इन्स्टॉल्ड वगैरे. म्हणूनच लाइट आल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ मारलं की गाडी थांबली होती तिथून पुढे निघते. हे नशिबाने होत नाही, मध्येच तुटणार हे गृहीत धरूनच ते बांधलंय.

पण २००९-१० मध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. उबंटू ९.१० पासून नवीन इन्स्टॉलला ईएक्सटी४ डिफॉल्ट झालं. ही फाइलसिस्टीम डेटा डिस्कवर लिहायला मुद्दाम उशीर करते. डीपीकेजीची जुनी पद्धत अशी की नवीन फाइल वेगळ्या नावाने लिहायची आणि मग नाव बदलून जुन्याच्या जागी सरकवायची. आता नाव बदललं गेलं पण आतला मजकूर डिस्कवर पोचायच्या आधीच लाइट गेली, तर नाव बरोबर आणि फाइल शून्य बाइटची किंवा आतून अर्धवट. मग पुढच्या अपग्रेडला ‘फाइल्स लिस्ट फाइल मिसिंग फायनल न्यूलाइन’ छाप एरर, आणि डीपीकेजी पुढे हलायलाच तयार नाही. यावर चांगलीच जुंपली, फाइलसिस्टीमवाले म्हणाले प्रोग्रामने एफसिंक (डेटा आत्ताच डिस्कवर लिही असं सांगणं) करायला हवं, प्रोग्रामवाले म्हणाले इतकी वर्षं चालत होतं. शेवटी २०१० मध्ये डीपीकेजीने एफसिंक टाकलं, त्याने इन्स्टॉल इतकं रेंगाळायला लागलं की मग ते टाळणारा ‘फोर्स-अनसेफ-आयओ’ नावाचा पर्याय द्यावा लागला. आजही डॉकर इमेज बनवताना लोक तो वापरतात, तिथे ठीक आहे, इमेज बिघडली तर परत बनवता येते. घरच्या मशीनवर तो लावून ठेवणाऱ्यांना मात्र माझा नमस्कार. आणि अशी बिघडलेली लिस्ट फाइल (पॅकेजच्या फायलींची यादी) सापडलीच तर ती बाजूला काढून ते पॅकेज परत इन्स्टॉल करायचं, स्टेटस फाइलच गेली असेल तर व्हार-बॅकअप्समध्ये तिच्या जुन्या प्रती असतात, हे खूप जणांना माहीत नसतं आणि ते थेट फॉरमॅट मारतात.

आता मुख्य घोळ.

पहिला ‘होल्ड’ डीपीकेजीचा. स्टेटस फाइलमध्ये पॅकेज सध्या कसं आहे याच्या शेजारी तुम्हाला ते कसं हवंय याचीही नोंद असते, आणि त्यात इन्स्टॉल, डीइन्स्टॉल, पर्ज यांच्या जोडीला होल्ड आहे. म्हणजे याला हात लावू नको, असं माणसाने सांगितलेलं. डीसिलेक्ट नावाचा जो जुना मेनू होता त्यात बरोबरचं (=) चिन्ह दाबलं की होल्ड व्हायचं. ‘डीपीकेजी -एल’ मध्ये सुरुवातीला ‘आयआय’च्या ऐवजी ‘एचआय’ दिसलं तर तो हाच. आता ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने लावतात, पूर्वी पॅकेजचं नाव आणि होल्ड असं एको करून सेट-सिलेक्शन्समध्ये ढकलावं लागायचं.

इथपर्यंत सरळ आहे. पण ॲप्टिट्यूड या ॲप्टवरच्या दुसऱ्या टूलने आपला होल्ड स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, आणि सिनॅप्टिक या खिडकीवाल्या टूलमधलं ‘लॉक व्हर्जन’ तिसऱ्याच ठिकाणी. त्यामुळे ॲप्टिट्यूडमध्ये होल्ड केलेलं पॅकेज ॲप्ट-गेटने (ॲप्टची जुनी कमांड) बिनधास्त अपग्रेड केलं अशी रड कित्येक वर्षं चालू होती. एकाच मशीनवर तीन जणांनी तीन वह्यांत उधारी लिहावी तसं ते होतं. माझ्या मते खरी चूक इथे झाली, पण तेव्हा कोणाला फार वाटलं नाही कारण जो तो आपल्या एकाच टूलशी एकनिष्ठ होता.

दुसरा ‘केप्ट बॅक’. यात माणसाने काहीच अडवलेलं नसतं. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’चा नियम असा की नवीन पॅकेज घालायचं नाही आणि असलेलं काढायचं नाही. कर्नलचं नवीन व्हर्जन म्हणजे नवीन नावाचं पॅकेज, म्हणून कर्नलचं मेटापॅकेज (नुसतं नवीन कर्नलकडे बोट दाखवणारं) केप्ट बॅक. यावर उपाय ‘डिस्ट-अपग्रेड’, पण त्या नावाने आणखी गोंधळ, कारण डिस्ट म्हणजे डिस्ट्रिब्युशन आणि लोकांना वाटायचं की हे चालवलं की १०.०४ चं १०.१० होईल, म्हणून घाबरून चालवायचेच नाहीत, आणि सर्व्हरवर वर्ष वर्ष तोच जुना कर्नल. १ एप्रिल २०१४ ला ॲप्ट १.० आलं, त्यात नुसती ‘ॲप्ट’ कमांड लोकांसमोर आली (तारीख बघून अनेकांना गंमतच वाटली होती), तिच्या ‘अपग्रेड’ने नवीन पॅकेज घालायला सुरुवात केली पण काढणं नाहीच, आणि डिस्ट-अपग्रेडला ‘फुल-अपग्रेड’ हे जरा समजेल असं नाव मिळालं. म्हणजे ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ या दोन कमांड आजही वेगळं वागतात, आणि ट्यूटोरियल लिहिणारे त्या एकच असल्यासारख्या वापरतात.

तिसरा, ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. हा सगळ्यात फसवा. हा मेसेज आला की लोक ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ मारतात, त्यातून काहीच येत नाही, आणि माणूस वेडा होतो. कारण इथल्या हेल्डचा वरच्या होल्डशी बहुधा संबंधच नसतो. ॲप्टचा जुना सॉल्व्हर (कुठलं पॅकेज कुठल्याबरोबर बसेल ते ठरवणारा भाग) काही पॅकेजेसना आतून ‘प्रोटेक्टेड’ असा शिक्का मारतो, म्हणजे डिपेंडन्सी (कोणाला काय लागतं ते) जुळवताना यांना बदलायचं नाही. तुम्ही ‘इन्स्टॉल अमुक’ म्हणालात की त्या अमुकवर हा शिक्का बसतो, तुम्ही मागितलंय म्हणून. मग जे मोडलंय ते सगळं शिक्क्यावालंच निघालं तर हा मेसेज, आणि बिनशिक्क्याचं काही मोडलेलं राहिलं तर दुसरा, तो ‘रिझॉल्व्ह जनरेटेड ब्रेक्स’ वाला, जो पुन्हा शेवटी ‘हेल्ड पॅकेजेसमुळे असेल’ असं म्हणून मोकळा होतो. म्हणजे मराठीत सांगायचं तर तो म्हणतोय, “तू जे मागितलंस त्याला मी धरून बसलोय आणि तेच बसत नाहीये.” होल्डबिल्ड काही नाही. खरं कारण बहुतेकदा कुठलातरी पीपीए (बाहेरच्या कोणाचं पॅकेजचं भांडार), किंवा दुसऱ्या रिलीजची ओळ सोर्सेसमध्ये (पॅकेज कुठून आणायचं त्या यादीत) राहिलेली, किंवा पिनिंग (ठरावीक व्हर्जनला दिलेलं प्राधान्य). ‘ॲप्ट पॉलिसी’ला पॅकेजचं नाव दिलं की कुठलं व्हर्जन कुठून येतंय ते दिसतं, त्यात निम्मं कोडं सुटतं.

आणि चौथा, ज्यावरून वाद झाला तो, फेज्ड अपडेट्स. उबंटूच्या डेस्कटॉपवरच्या अपडेट मॅनेजरमध्ये हे २०१३ पासूनच होतं: नवीन अपडेट एकदम सगळ्यांना न देता आधी १० टक्के मशीनना, मग दर सहा तासांनी आणखी १० टक्के, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचायला साधारण ५४ तास, आणि मध्येच क्रॅश रिपोर्ट वाढले तर थांबवायचं. सिक्युरिटीचे अपडेट यात नाहीत, ते सगळ्यांना लगेच. तुमचा नंबर कधी हे मशीन-आयडी, पॅकेजचं नाव आणि व्हर्जन यांवरून ठरतं, म्हणून शेजारशेजारच्या दोन सर्व्हरवर वेगवेगळं दिसतं (आणि एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या, मशीन-आयडी न बदललेल्या आभासी मशीनना सगळ्यांना एकदमच). २१.०४ पासून हे ॲप्टमध्येही आलं, पण बहुतेकांची गाठ पडली २०२२ मध्ये, २२.०४ एलटीएसवर.

कल्पना चांगली आहे असं माझं मत, मी स्वतः दोनदा वाचलोय त्यामुळे. पण निर्णय घेणाऱ्यांनी मेसेज कोणता वापरला? तोच, ‘केप्ट बॅक’. वीस वर्षं लोकांना शिकवलं की केप्ट बॅक म्हणजे डिस्ट-अपग्रेड मारा, आता डिस्ट-अपग्रेड मारलं तरी हलत नाही. मग सल्ले सुरू, की एकेक पॅकेजचं नाव देऊन ‘ॲप्ट इन्स्टॉल’ करा. त्याने पॅकेज येतं, हो, पण ते ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदवलं जातं, मग पुढे गरज संपली तरी ऑटोरिमूव्ह त्याला काढत नाही, आणि दोन वर्षांनी मशीनवर शंभर अनाथ लायब्ररी. ‘ॲप्ट-मार्क ऑटो’ने परत करता येतं पण कोण करतंय. ज्यांना घाईच आहे त्यांच्यासाठी ‘ऑलवेज-इन्क्लूड-फेज्ड-अपडेट्स’ अशी सेटिंग आहे, निदान नोंदी तरी खराब होत नाहीत. टीका करणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं, सर्व्हरवाल्यांना दहाही मशीनवर एकच व्हर्जन हवं असतं, आणि त्यांना आधी कोणी विचारलं नाही. नंतरच्या आवृत्त्यांत ‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ असं वेगळं वाक्य आलं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर निम्मा आरडाओरडा झालाच नसता.

लॉकचा विषय याला जोडूनच येतो. १६.०४ पासून मागच्या मागे अपडेट घालणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स आपोआप चालू असतं, त्यामुळे मशीन सुरू करून लगेच अपग्रेड मारलं की ‘कुड नॉट गेट लॉक’. तेव्हापासून लॉक फाइल डिलीट करा हा सल्ला पसरला तो आजतागायत आहे. फाइल असणं म्हणजे लॉक नव्हे, चालू प्रोसेसने कर्नलकडून त्या फाइलवर घेतलेला हक्क म्हणजे लॉक; फाइल उडवली तर दुसरी प्रोसेस नवीन फाइल बनवून तिच्यावर हक्क घेते आणि दोघं मिळून एकाच स्टेटस फाइलवर नाचतात. २०.०४ पासून ‘ॲप्ट’ स्वतःच थांबून राहतं आणि लॉक कोणाकडे आहे तेही सांगतं.

पुढची वर्षं जरा दाटीवाटीची. २०२१ मध्ये डेबियन ११ ने सिक्युरिटी रेपोच्या (पॅकेजच्या भांडाराच्या) नावाची पद्धत बदलली, ‘बस्टर/अपडेट्स’ जाऊन ‘बुल्सआय-सिक्युरिटी’, त्यामुळे सोर्सेसमध्ये फक्त कोडनेम बदलून अपग्रेड करणाऱ्यांना ‘रिलीज फाइल नाही’ची एरर. २०२२ मध्ये २२.०४ वर नीडरीस्टार्टची ती जांभळी खिडकी, सर्व्हिसेस रीस्टार्ट करू का विचारणारी, जिच्यासमोर कित्येक स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत रात्रभर उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये डेबियन १२ ला मर्ज्ड-यूएसआर (बिन, लिब वगैरे फोल्डर यूएसआरमध्ये घालणं) सक्तीचं झालं, ज्याला खुद्द डीपीकेजीच्या बाजूनेच विरोध होता. २०२४ मध्ये ६४ बिटी वेळेसाठी ढीगभर लायब्ररींच्या नावामागे ‘टी६४’ लागलं, आणि २२.०४ वरून २४.०४ ला जायचा रस्ता उघडून लगेच काही दिवस बंद ठेवावा लागला, कारण अपग्रेडमध्ये नको ती पॅकेजेस निघून जात होती.

२०२५ च्या ॲप्ट ३.० मध्ये नवीन सॉल्व्हर आलाय. तो न जुळणाऱ्या डिपेंडन्सीची साखळी ओळीने दाखवतो, अमुकला हे हवं, त्याला ते हवं, आणि इथे दोन्ही एकत्र बसत नाहीत. वाचायला लांबलचक आहे पण त्यात हेल्ड हा शब्द नाही. २२.०४ चा नेहमीचा सपोर्ट मात्र २०२७ पर्यंत आहे, तिथे ‘केप्ट बॅक’ येतच राहणार. परवाच एकाने सहा पॅकेजचा स्क्रीनशॉट पाठवला, त्याला म्हटलं काही करू नकोस, फक्त ‘ॲप्ट पॉलिसी’ मार, त्यात व्हर्जनच्या शेजारी ‘फेज्ड ३०%’ लिहिलेलं होतं, पण तोवर त्याने सहाही पॅकेजेस हाताने इन्स्टॉल करून टाकली होती.