लायटरने चामडं ओळखता येतं का?

‘खरं चामडं जळत नाही, पाकिटाला लायटर लावून बघा’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. चामडं पटकन पेट घेत नाही. ते आकसतं आणि जळक्या केसांसारखा वास येतो. प्लास्टिक वितळतं.

गोची पुढे आहे. कमरेच्या पुष्कळ पट्ट्यांत चामड्याच्या खालच्या थरावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, लेप असतो. लेप वितळला की चामड्याचा मालही नकली ठरतो. उलट चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं ‘बाँडेड लेदर’ही केसांसारखाच वास देतं. शिवाय दुकानदार लायटर लावू देईल, ही आशा सोडाच!

बेळगावच्या खडेबाजारात पट्टा घेताना त्याची कड बघा. ती रंगवलेली असेल तर बकलाजवळच्या भोकात डोकवा. गुंतलेले तंतू दिसले तर चामडं, कापडाची वीण किंवा फोम दिसला तर रेक्झिन. अंगठ्याने दाबल्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडल्या तर चांगली खूण.

नजर बसवायची तर अथणीची कोल्हापुरी चप्पल हातात घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, लेप नसलेलं ते चामडं पाण्याचा थेंब हळूहळू पितं. लेपाच्या पट्ट्यावर थेंब तसाच राहतो, त्यामुळे पाण्याची कसोटी तिथं लावू नका.