हप्त्याची तारीख: पगारदार घराच्या कर्जामागचा इतिहास

कल्याण-बदलापूरपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत, नवं घर घेतलेल्या कुठल्याही तरुण जोडप्याला विचारा, महिन्याच्या दोन तारखा त्यांना झोपेतही सांगता येतात. एक पगार जमा होण्याची, दुसरी हप्ता कापला जाण्याची. दोन्हींत जेमतेम चार-पाच दिवसांचं अंतर. कर्ज देणारा पगाराच्या दिवसाला असा चिकटून कधीपासून बसला, हे पाहिलं की आजच्या घरगुती कर्जाचा बराचसा उलगडा होतो. व्याजदर हा या गोष्टीतला अर्धाच भाग आहे.

शेतकऱ्याचं कर्ज सुगीला बांधलेलं होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, कापसाचे चढे भाव कोसळले, वर सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांत दावा केला नाही तर निकामी होई. कायदा कर्जदाराच्या सोयीसाठी होता, पण सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेलं व्याज नव्या मुद्दलात मिसळू लागलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली तेव्हा त्यांचा मुख्य रोख या कागदांवर होता. रोखे आणि वह्या जाळल्या गेल्या. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आधी होरपळ, मग कायदा, हा क्रम पुढेही फारसा बदललेला नाही.

मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कोकण-घाटावरच्या माणसाला सुगी उरली नाही, पगार आला. तोही महिना संपल्यावर लगेच हातात पडत नसे. नवा कामगार पहिला पगार मिळेपर्यंत दीड महिना खायचा कशावर? वाण्याच्या उधारीवर, नाहीतर व्याजाच्या पैशावर. म्हणजे नोकरीची सुरुवातच कर्जाने व्हायची. सरकारी कामगार कचेरीने १९२१-२२ च्या सुमारास मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, तिच्यात ४७ टक्के कुटुंबं सावकाराची देणेकरी निघाली आणि देणं साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. रुपयामागे महिन्याला एक आणा हा व्याजाचा सर्रास चालणारा दर. ऐकायला किरकोळ, पण वर्षाला ७५ टक्के.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटाबाहेर हातात काठी घेतलेला पठाण सावकार उभा असे. चाळीत येऊन दार वाजवण्यापेक्षा ते बरं, कारण पगाराचं पाकीट तिथे अजून फुटलेलं नसे. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाला, म्हणजे व्हिटली आयोगाला, हे इतकं खटकलं की वसुलीसाठी कारखान्याभोवती दबा धरून राहणं हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस १९३१ च्या अहवालात आली. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराला तारीख दिली: हजाराहून कमी कामगार असतील तिथे सात तारखेपर्यंत, मोठ्या कारखान्यात दहापर्यंत. कर्ज निवारणाच्या दृष्टीने हा कायदा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्याने व्याजाला हात लावला नाही, फक्त उपाशी काढायचे दिवस कमी केले.

याच पगारावर आणखी एक साखळी लोंबकळत होती. एकट्या राहणाऱ्या कामगारांना गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. कामगार पैसे देणार पगाराला, बाई धान्य आणणार उधारीवर, वाणी त्यावर व्याज लावणार. १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ ला झालं, तरी या बायांना बँकेचा उंबरठा लांबच होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. तारण दागिन्याचं नव्हतं, एकमेकींच्या शब्दाचं होतं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा पगार थांबला आणि ही सगळी साखळी एकदम ओढली गेली.

सावकाराला खरा पर्याय दिला तो पगारदारांच्या पतपेढ्यांनी. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर रेल्वे, पोस्ट, नगरपालिका, गिरण्या, शाळा असं करत त्या पसरल्या. कर्ज पगाराच्या पटीत, जामीनदार बाजूच्या टेबलावरचे दोघे आणि हप्ता पगारातूनच कापलेला. या पद्धतीत एक चाप होता. कोणी किती उचललंय हे कचेरीत सगळ्यांना माहीत असे, आणि तिसऱ्यांदा जामीन मागायला गेलं की समोरचा चष्म्यावरून बघायचा. अब्रूचा हा पहारा जाचक होता हे खरं. पण एका माणसाने एकाच वेळी पाच ठिकाणांहून कर्ज उचलणं त्यामुळे जवळपास अशक्य होतं.

घर मात्र या पैशात होत नसे. ते बहुधा निवृत्तीच्या वेळी, फंड-ग्रॅच्युइटीतून व्हायचं. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी ही घरासाठी कर्ज देणारी कंपनी स्थापन केली आणि घर आधी, पैसे नंतर हा उलटा क्रम मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडत गेला. नव्वदच्या दशकानंतर व्याज उतरलं, करसवलत वाढली आणि साठीतलं घर तिशीत आलं. वसुलीची सोय कायद्याने आधीच करून ठेवली होती: १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं फौजदारी गुन्हा ठरला. त्या काळात कर्ज घेतलेल्यांना आठवत असेल, छत्तीस-छत्तीस पुढच्या तारखांच्या चेकवर सह्या करताना शेवटी सही बदलायला लागायची. पुढे चेक गेले, खात्यातून परस्पर कापण्याची संमती आली. गेटावर उभं राहायची गरजच संपली.

जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त एका वेळी मागता येत नाही. बँकांना हा हिशेब लागू नाही. ३० लाख रुपये २० वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण २७,९६४ रुपये आणि एकूण व्याज ३७ लाखांच्या वर. व्याज थकत नाही, दरमहा निमूट भरलं जातं, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

छोट्या कर्जाचं दुखणं वेगळं. ‘शून्य टक्के हप्ता’ असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं. समजा ३०,००० चा फोन रोखीत २७,००० ला मिळतो आणि हप्त्यावर घेतला तर ५,००० चे सहा हप्ते. व्याज शून्य लिहिलेलं असलं तरी सोडलेली ३,००० ची सूट हेच व्याज, आणि त्याचा दर वर्षाला सदतीस टक्क्यांच्या आसपास जातो. रुपयामागे आण्याच्या जवळपास निम्मा.

कोविडच्या काळात हप्त्याला मुभा मिळाली, मार्च ते ऑगस्ट २०२०. मुभा होती, माफी नव्हती. व्याज चढतच राहिलं. त्याच सुमारास मोबाइलवरच्या झटपट कर्जांच्या अ‍ॅपनी कर्जदाराच्या फोनमधले नंबर उचलून सासऱ्याला, साहेबाला, शाळेतल्या मित्राला मेसेज पाठवायला सुरुवात केली. अब्रूचा तोच पहारा, फक्त आता अनोळखी माणसाच्या हातात. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत असं सांगितलं, सप्टेंबरमध्ये अ‍ॅपना फोनबुकात शिरायला मनाई केली. व्हिटली आयोगाने गेटावरच्या दबा धरण्याबद्दल म्हटलं होतं त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्यांनी सात टक्क्यांनी ३० लाख २० वर्षांसाठी घेतले होते त्यांचा हप्ता २३,२५९ होता. दोन वर्षं तो भरून बाकी साडेअठ्ठावीस लाखांवर आलेली असताना दर साडेनऊ झाला, तर त्याच हप्त्यातले सातशेच्या आत-बाहेर रुपये मुद्दलात जातात आणि उरलेलं कर्ज फिटायला ३७ वर्षं लागतात. अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली. घरच्या बजेटला धक्का लागला नाही, म्हणून बऱ्याच जणांना ते कळलंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यायला लावला आणि हप्ता निव्वळ व्याजालाही पुरत नाही अशी वेळ येऊ देऊ नका म्हणून बजावलं. बँकांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास दंड घ्यायचा नाही, हे तर २०१२ पासूनच ठरलेलं आहे.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो पुन्हा एक टक्क्याने उतरला. वाढवलेली मुदत त्याबरोबर किती मागे आली, हे बँकेच्या विवरणपत्रात ‘उरलेले हप्ते’ या रकान्यात दिसतं. तो रकाना बहुधा दुसऱ्या पानावर असतो.