हेलसिंकी-टोकियो: तेरा तास, साडेनऊ तास आणि पुन्हा तेरा

हेलसिंकी ते टोकियो सरळ हवाई अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने भागलं आणि चढण्या-उतरण्याचा वेळ धरला, की नऊ-साडेनऊ तास होतात. २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत विमानं खरोखरच एवढ्या वेळात पोचत होती. आज तेराच्या आसपास तास लागतात. विमानं मंदावलेली नाहीत. वाटेत रशिया आहे, एवढंच.

हा अडथळा जुनाच. शीतयुद्ध पेटलं तेव्हा सायबेरियावरचं आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना बंद होतं. युरोपातून जपानला जायचं तर मध्यपूर्व, भारत, आग्नेय आशिया अशी मजल-दरमजल करत पन्नासेक तास मोडायचे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी एसएएस या स्कँडिनेव्हियन विमानकंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवावरून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून टोकियोला जाणारी सेवा सुरू केली आणि वीसेक तास वाचले.

ध्रुवावरून उडणं मात्र सोपं नव्हतं. चुंबकीय ध्रुवाच्या आसपास होकायंत्राची सुई खाली झुकू पाहते, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय सगळी रेखावृत्तं ध्रुवाशी एकत्र येत असल्याने विमान नाकासमोर चाललं तरी त्याची दिशा भराभर बदलते. उत्तरेला निघालेलं विमान ध्रुव ओलांडताच, जराही न वळता, दक्षिणेला चाललेलं असतं! नॅव्हिगेटरांनी यावर तोड काढली. ग्रीनिचच्या रेखावृत्ताला समांतर अशी चौकटींची जाळी नकाशावर आखायची आणि दिशा त्या जाळीवरून मोजायची. ती धरून ठेवायला जायरो, म्हणजे आपली दिशा न सोडणारं फिरतं चक्र, आणि जायरो किती भरकटला हे पडताळायला सूर्य-तारे. केएलएम या डच कंपनीच्या विमानांत तर बर्फावर उतरायची वेळ आलीच तर अस्वलांसाठी म्हणून रायफलीही असत.

१९७०मध्ये मॉस्कोला थांबण्याच्या अटीवर सायबेरियाची वाट काही कंपन्यांसाठी किलकिली झाली. फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने दुसरा मार्ग धरला. एप्रिल १९८३मध्ये तिचं जादा टाक्या बसवलेलं डीसी-१० ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून सोव्हिएत हद्द टाळत, कुठेही न थांबता टोकियोला जाऊ लागलं. वेळ सुमारे तेरा तास. ही हद्द ओलांडण्याची किंमत त्याच वर्षी १ सप्टेंबरला दिसली. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली.

सोव्हिएत राजवट ढासळू लागली तसं हे आकाश मोकळं झालं. फुकट नव्हे, वरून जाण्यासाठी एअरोफ्लोट या रशियन विमानकंपनीला पैसे मोजावे लागत. तरीही सौदा फायद्याचाच होता, आणि तो सर्वाधिक साधला फिनएअरला. पश्चिम युरोप ते पूर्व आशिया या सर्वात जवळच्या वाटेवर हेलसिंकी पडतं. या एका भौगोलिक योगायोगावर कंपनीने आपला सगळा आशियाचा धंदा उभा केला. एकाच वाटेवर इतकं विसंबणं धोक्याचं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे.

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानेही उलट तेच केलं. फिनएअर पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली. दुसरा वळसा दक्षिणेकडून, मध्य आशियावरून. इंधनाचा खर्च वाढला, आणि तिची काही ए-३३० विमानं कर्मचाऱ्यांसकट ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीला भाड्याने द्यावी लागली. चिनी कंपन्यांवर ही बंदी नाही. त्या आजही रशियावरून सरळ युरोप गाठतात.