बुद्धीचं जनुक आणि आईकडेच राहिलेली प्रत

परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: मुलाची लाळ पाठवा, 'बुद्धीच्या जनुका'चा अहवाल घ्या. खाली लगेच विचारणा, "किती दिवसांत येतो?"

असं एक जनुक १९९८ साली सापडलंही होतं. रॉबर्ट प्लोमिन यांच्या गटाला सहाव्या गुणसूत्रावरच्या आयजीएफ२आर जनुकाचा एक प्रकार अतिहुशार मुलांत जास्त दिसला. २००२ मध्ये नव्या मुलांवर पडताळणी केली, तर संबंध गायब! प्लोमिन यांच्याच गटाने तेही छापलं, हे कौतुकाचं. पुढे २०१८ मध्ये २,६९,८६७ लोकांच्या डीएनएत बुद्धीशी जोडलेली २०५ ठिकाणं मिळाली. एकेकाचा वाटा चिमूटभरही नाही.

मला मात्र त्याच वर्षीचा आइसलँडचा अभ्यास जास्त आवडतो. आईकडे जनुकाच्या दोन प्रती असतात. नाणेफेक व्हावी तशी त्यातली एक मुलाला मिळते, दुसरी आईकडेच राहते. वडिलांचंही तसंच. ही मागे राहिलेली प्रत मुलाच्या एकाही पेशीत नसते. मग त्याच्या शिक्षणाशी तिचा संबंध शून्य हवा ना? ऑगस्टिन काँग आणि सहकाऱ्यांनी २१,६३७ जणांत हे मोजलं. मिळालेल्या प्रतींचा शिक्षणावर जेवढा परिणाम, त्याच्या सुमारे ३० टक्के न मिळालेल्या प्रतींचाही निघाला!

ही प्रत काम करते ती घरातून. तिच्यामुळे आई शाळेत थोडी जास्त टिकली असेल, तर तीच आई रात्री गोष्ट वाचून दाखवते, वहीतली हातच्याची चूक पकडते. आता गंमत अशी, की मुलाला मिळालेली प्रतही आईकडे होतीच. म्हणजे तिच्या परिणामात मुलाचं शरीर आणि घर, दोन्ही मिसळलेले. न मिळालेलीच्या परिणामात फक्त घर. पहिल्यातून दुसरा वजा करा, थेट वाटा उरतो. (नवरा-बायको एकमेकांसारखे निवडले जातात, त्याने हा हिशेब थोडा बिघडतो, ते सोडून देऊ.)

लाळेच्या अहवालात ही वजाबाकी कुठून येणार? त्यात अशा पाहण्यांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. त्यांच्यावरून बसवलेले आकडे इतरांना लावले की अंदाज चांगलाच ढासळतो. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांचं तर विचारूच नका, ते हस्तरेषावालेच, फक्त लॅपटॉप घेऊन आलेले.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं. दोन अंगठे आले, आणि मग कुणीतरी टँकरचं विचारलं.