बाळाच्या फुफ्फुसातील जन्मजात दोष: शवविच्छेदनाच्या टेबलापासून सोनोग्राफीपर्यंत

या दोषांची जुनी वर्णने वाचताना एक भान ठेवावे लागते: त्यांतली बरीचशी दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनातून आलेली आहेत. जी बाळे कोणताही त्रास न होता वाढली, ती मोजलीच गेली नाहीत. हा दोष म्हणजे जिवावरचेच संकट, हा समज तिथूनच रुजला.

१९४६ साली प्राइस यांनी ‘सिक्वेस्ट्रेशन’ हे नाव दिले. यात फुफ्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेला जोडलेला नसतो आणि त्याला रक्त थेट महाधमनीतून मिळते. ही धमनी काही वेळा श्वासपटलाच्या खालून निघते. शस्त्रक्रियेत ती नकळत कापली गेली, तर तिचे टोक पोटाकडे आत ओढले जाते आणि रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणूनच आधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचे औषध) देऊन सीटी स्कॅन करतात.

१९४९ मध्ये चिन आणि टँग यांनी सिस्ट (पाण्याने किंवा हवेने भरलेल्या पोकळ्या) असलेल्या दोषाचे वर्णन केले. १९७७ मध्ये स्टॉकर यांनी सिस्टच्या आकारावरून त्याचे तीन प्रकार पाडले आणि २००२ मध्ये ते शून्य ते चार असे पाच केले. सगळ्याच प्रकारांत सिस्ट नसतात, म्हणून ‘सीसीएएम’ हे जुने नावही बदलून ‘सीपीएएम’ (फुफ्फुसातील श्वासमार्गाचा जन्मजात दोष) झाले.

खरी कलाटणी दिली ती सोनोग्राफीने. दोष आता विसाव्या आठवड्याच्या आसपासच दिसू लागला आणि बहुतेक बाळे जन्मतः नीट श्वास घेतात, हेही कळले. मग धोका नेमका कोणाला? २००२ मध्ये त्यासाठी सीव्हीआर (गाठीचे आकारमान आणि डोक्याचा घेर यांचे गुणोत्तर) हे माप आले. फुफ्फुसातील या दोषाच्या गाठीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची, त्याला ०.५२ ने गुणायचे आणि गर्भाच्या डोक्याच्या घेराने भागायचे. ५×४×४ सेंमीची गाठ आणि २२ सेंमी घेर असेल, तर उत्तर सुमारे १.९ येते. १.६ च्या वर हायड्रॉप्सचा धोका वाढतो: गाठ हृदय व मोठ्या शिरा दाबते आणि गर्भाच्या त्वचेखाली, पोटात, छातीत पाणी साचते. मात्र एकच मोठी सिस्ट असेल, तर कमी आकड्यावर विसंबू नये. ती अचानक फुगू शकते. तिच्यातले पाणी नळी घालून काढतात. बारीक सिस्टच्या गाठीत आईला बीटामेथासोन हे स्टेरॉइड देतात: १२ मिग्रॅची दोन इंजेक्शने, २४ तासांच्या अंतराने.

गाठीची वाढ साधारण २६ ते २८ आठवड्यांनंतर मंदावते. पुढे ती सोनोग्राफीत ‘नाहीशी’ होते, जन्मानंतरचा एक्स-रेही स्वच्छ येतो आणि पालक निर्धास्त होतात. सीटीत मात्र ती बऱ्याचदा सापडते, त्यामुळे तपासणी तिथेच थांबवणे चूक आहे.

त्रास नसलेल्या बाळाची शस्त्रक्रिया करावी का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. थांबलो तर वारंवार न्यूमोनिया होण्याची भीती राहते. शिवाय प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा हा दुर्मीळ कर्करोग सुरुवातीला स्कॅनमध्ये हुबेहूब सिस्टसारखाच दिसतो. २००९ मध्ये त्याचा डायसर-१ जनुकातील आनुवंशिक बिघाडाशी संबंध उघड झाला. तेव्हापासून घरात कोणाला असा कर्करोग झाला होता का, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘नुसते लक्ष ठेवू’ असे म्हणता येत नाही.